हार घालायचा चेहरा

"आपला बापू मेला, अन् ह्ये त्याला उलटं टांगून राह्यले," आष्टीहून आलेली बाई नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली. आवाज बारीक होता, पण खोलीही एवढीशीच. चाचांनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर त्या बाईच्या मुलाचा फोटो लावलेला होता, डोकं खाली, पाय वर.

"सरळ लावला तर तुमच्यासंगं मीपण रडत बसेन, माय," ते म्हणाले. "मंग चित्र कोण काढणार?"

जालन्यात त्यांना सगळे उलटे चाचा म्हणत. मेलेल्या माणसांची पेन्सिलीने चित्रं काढणं हे त्यांचं काम. घरात कुणी गेलं की लोक कुठला तरी फोटो शोधून आणत. तो बहुधा लग्नातल्या घोळक्याचा असे आणि हवा तो चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. चाचा फोटो उलटा लावत, त्यावर दोऱ्यांची चौकट बसवत आणि एका वेळी एकच चौकोन कागदावर मोठा करून उतरवत. बाकीचा चेहरा पुठ्ठ्याने झाकलेला असे. "नाक म्हणून काढायला गेलं की आपल्या मनातलं नाक निघतं," ते सांगत. "काळं कुठं, पांढरं कुठं, बस्स, एवढंच बघायचं." शेवटचा चौकोन झाला की कागद सरळ करत. तेव्हा कुठे त्या माणसाची आणि त्यांची पहिली भेट होई. प्रत्येकाला ते हळूच सलाम करत.

त्यांच्या खोलीला लागूनच माझ्या वडिलांचा दवाखाना होता. "इथं गुण न्हाई आला तर बाजूचं दार हायेच," अशी थट्टा रांगेत बसलेले रोगी स्वतःच करत. चाचाही वडिलांना म्हणत, "डॉक्टरसाहेब, तुम्ही हरलात की मला काम. तरी नमाजात मी दुवा तुमच्यासाठीच मागतो."

मी सिकंदराबादला इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात वाढले. सुटीत घरी आले की माझं मराठी अडखळे आणि दवाखान्यातल्या बायका पदराआड हसत, "मडम बोलली गं." त्यामुळे मी बोलणंच टाळत असे. चाचांच्या खोलीत बोलावं लागत नव्हतं. तिथे मी शिळ्या पावाच्या गाभ्याने खोडायला शिकले, कागदाची घट्ट सुरळी करून तिने सावली पसरायला शिकले. शाळा संपवून कायमची घरी आले तोवर चित्रातले कपडे आणि केस ते माझ्यावर सोपवू लागले होते. "तू बोलत न्हाईस हे बराबर हाय, बेटी," ते म्हणत. "तोंड चालू झालं की हात थांबतो."

कपड्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. फोटोत माणूस उघडाबंब असो की फाटक्या बंडीत, घरच्यांची मागणी एकच असे: "चाचा, हार घालायचाय, जरा नीट काढा." मग खुंटीवरचा माझ्या वडिलांचा काळा कोट मागून आणला जाई. मंठ्यापासून जाफराबादपर्यंत किती भिंतींवर किती शेतकरी तो कोट घालून बसलेत, देव जाणे. चाचा वाकडी मान सरळ करत, ओठ मिटवत, डोळ्यांतली घाई काढून टाकत. फोटोत खिदळणारा माणूस चित्रात गंभीर होई. "जगताना कुणी त्याला मान दिला न्हाई," ते म्हणत. "आता तर मिळू द्या."

जिवंत माणसाचं चित्र मात्र ते कधी काढत नसत. आणि आपल्या घरात त्यांनी एकही फोटो काढू दिला नव्हता. त्यांच्या हातात आलेला प्रत्येक फोटो कुणाच्या तरी मरणापाठोपाठ आला होता. इतकी वर्षं तसंच पाहिल्यावर त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी एकच झाल्या होत्या. त्यांचा एकुलता मुलगा यूसुफ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याला दोस्तांबरोबर स्टुडिओत बसून फोटो काढायची भारी इच्छा होती, पण चाचा जाऊ देत नसत. तो डबा घेऊन खोलीवर आला की त्यावरून बापलेकांची जुंपे, ती भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येई. "अब्बा, सगळ्या दुनियेचे फोटो तुमच्याकडं, अन् माझाच न्हाई!" यूसुफ ओरडे. चाचा म्हणत, "तुझा माझ्याकडं येऊ नये म्हणूनच न्हाई, नालायक."

मग अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. वर्षभर रझाकारांच्या भीतीने बंद असलेली आमची दारं उघडली आणि चाचांच्या मोहल्ल्यातली बंद झाली. खेड्यांतून काय काय कानावर येत होतं ते वडील जेवताना बोलत नसत. यूसुफ मंठ्याला मावशीला आणायला गेला होता. मावशी कुणाच्या तरी गाडीतून एकटीच आली. तो तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

काही दिवसांनी चाचा दवाखान्यात आले. उजव्या हाताचा अंगठा मोडला होता. कसा मोडला ते त्यांनी सांगितलं नाही, वडिलांनी विचारलं नाही. पट्टी बांधून होईपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. फौजेने पकडलेल्या पोरांना तुरुंगात, छावण्यांत ठेवलंय असं त्यांनी ऐकलं होतं. पण फाटकावरचा शिपाई नुसत्या नावावरून काही सांगत नव्हता. यूसुफ नावाचे आत कितीतरी होते. चेहरा दाखवा, म्हणत होता.

"फोटो न्हाई," चाचा म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी स्वतःची हनुवटी धरली. "पण हा हाय. तो बिलकुल माझ्यावर गेलाय. ह्याच्यावरून काढ, बेटी. जल्दी."

"पोरीला त्या मोहल्ल्यात धाडू नका, डॉक्टर," कंपाउंडरकाका म्हणाले. तरी वडील मला रोज दुपारी स्वतः चाचांच्या घरी नेऊन सोडू लागले.

यूसुफला मी खोलीवर डबा घेऊन येताना बऱ्याचदा पाहिलं होतं, पण खाली मान घालून. माझ्या आठवणीत त्याच्या चपला तेवढ्या होत्या. मी दोऱ्यांची चौकट मध्ये धरून चाचांच्या तोंडाकडे बघू लागले. "मला उलटं टांगता येणार न्हाई, माफ कर," ते म्हणाले. एकेक चौकोन मी उतरवला. सुरकुत्या गाळल्या, गाल भरले, दाढीच्या जागी नुकती फुटलेली मिशी काढली. चाची शेजारी बसून सांगत होत्या, भुवया अजून दाट, कानाची पाळी चिकटलेली. मोडक्या अंगठ्याचा हात मांडीवर ठेवून चाचा हूं की चूं न करता बसून होते. जिवंत माणूस इतका वेळ समोर बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढे चाचा ते चित्र घेऊन औरंगाबादला गेले, तिथून परभणीला, असं कळलं. चाचींचे भाऊ येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेले. चाचा पुन्हा जालन्यात दिसले नाहीत. शेजारच्या खोलीत कापडाचं दुकान आलं. यूसुफ सापडला की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मला फक्त त्या घरातली शेवटची दुपार ठाऊक आहे.

चित्र पूर्ण झालं होतं. मी ते दोघांसमोर धरलं. नाक, कपाळ, भुवया, सगळं जागच्या जागी होतं. चाची पुढे वाकल्या. "मेरा यूसुफ इत्ता चुप कब बैठा?" त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

चाचांनी चित्र गुडघ्यावर घेतलं. मान सरळ, ओठ मिटलेले, डोळे शांत. "चूक तुझी न्हाई," ते म्हणाले. "मीच तुला दुसरं काही शिकवलं न्हाई. ह्याला बघून शिपाई कुठल्याच पोराला ओळखणार न्हाई, बेटी. हा हार घालायचा चेहरा झाला." त्यांचा हात सलामासाठी कपाळाकडे उठू लागला. चाचींनी तो मध्येच घट्ट धरला आणि खाली ओढला.

बाहेर रस्त्यावरून जीपगाडी गेली. ती जाईपर्यंत कुणीच हललं नाही. मग मी चित्र त्यांच्याकडून काढून घेतलं, पावाचा तुकडा उचलला आणि ओठ खोडून टाकले, मग डोळेही. दोऱ्यांची चौकट भिंतीशी ठेवली आणि पेन्सिल पुन्हा हातात घेतली. चाचा दचकून माझ्याकडे बघत होते. त्या घरात इतक्या दिवसांत मी एक शब्दही बोलले नव्हते.

"माझ्याशी भांडा, चाचा," मी म्हणाले. "यूसुफ तुमच्याशी भांडायचा तसे."