भीमराजने घेतलेल्या वेळा

आमच्या पिंपरीच्या कंपनीत भीमराजला भीमराज म्हणणारा माणूस शोधूनही सापडला नसता. तो सगळ्यांचा घड्याळ्या. टाइम स्टडी खात्यात कारकून होता. स्टॉपवॉच घेऊन लेथशेजारी उभा राहायचा, एका जॉबला किती सेकंद लागतात ते टिपायचा, आणि महिन्याभरात साहेब त्या जॉबमागे मिळणाऱ्या पैशांचा रेट कापायचे. कापणारे साहेब, शिव्या घड्याळ्याला. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! चौसष्ट साली युनियननं ठरवलं की टाइम स्टडीवाल्यांशी कुणी बोलायचं नाही. मी लेथवर होतो. ठरावाला मी दोन्ही हात वर केले.

त्याच भीमराजनं एका संध्याकाळी ओव्हरटाइम संपल्यावर मला सायकल स्टँडवर अडवलं.

"चिमाजीराव, दोन मिनिटं थांबा. एको यायचाय."

एको म्हणजे अमेरिकेनं आभाळात सोडलेला चकचकीत फुगा, पृथ्वीभोवती फिरणारा कृत्रिम उपग्रह. पेपरात वाचलं होतं, बघायला सवड कुणाला होती? आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी थांबलो. चिमणीच्या मागून एक ठिपका वर आला. सगळ्या ताऱ्यांपेक्षा ठळक, ना आवाज ना घाई. तो एका ताऱ्याला घासून गेला तेव्हा भीमराजनं घड्याळ दाबलं. पूर्वेकडे जाता जाता भर आभाळात ठिपका मंदावला आणि दिसेनासा झाला.

"पृथ्वीच्या सावलीत गेला," भीमराज म्हणाला आणि पुन्हा घड्याळ दाबलं.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी मात्र मीच खात्यात सांगत सुटलो की घड्याळ्या आता देवाचाही रेट बसवतोय. सगळे पोट धरून हसले.

या वेळा तो पुण्यातल्या आभाळ बघणाऱ्या एका हौशी मंडळाला पाठवायचा. घड्याळ कंपनीचं नव्हे, जुन्या बाजारातून आणलेलं स्वतःचं. राहायला चिखलीला, गावाबाहेर ओढ्यापलीकडे, बौद्धांच्या वस्तीत. पोस्टमन काही ओढा ओलांडत नसे. वस्तीची पत्रं तो माजी सरपंच नानासाहेबांच्या ओसरीवर टाकून जायचा. त्यामुळे भीमराज आपल्या नावाखाली पत्ता घालायचा, नानासाहेब यांच्या मार्फत. अशी तीन वर्षं गेली.

मग मंडळानं पुस्तिका छापली. भीमराजला दुसरं काही नको होतं, आपण घेतलेल्या वेळांपुढं आपलं नाव तेवढं हवं होतं. वेळा सेकंदासकट बरोबर छापल्या होत्या. त्यांच्यापुढं होतं: निरीक्षक, श्री. नानासाहेब, चिखली. पुण्यातल्या कुणा शहाण्यानं पत्त्यातलं वजनदार नाव उचललं असणार. नानासाहेबांनी जन्मात आभाळाकडे पाहिलं असेल तर ते पावसाच्या अंदाजापुरतं. पण ते पुण्याला गेले आणि शाल-नारळ घेऊन आले.

भीमराज त्यांच्याकडे गेला, पायरीखाली उभा राहिला.

"पत्ता माझाच हाय न्हवं?" नानासाहेब म्हणाले. "गावाचं नाव झालं. तुझं काय गेलं रं?"

मग त्यानं मंडळाला लिहिलं. उत्तर आलं, पुन्हा त्याच ओसरीवर आणि फोडलेलं. आपण म्हणता तसे असल्यास, आपणास निरीक्षण करताना पाहिलेल्या दोघांचे लेखी निवेदन पाठवावे. कागदावर एक अंगठा त्याच्या बायकोचा, कस्तुराचा, उमटला. दुसऱ्या सहीसाठी कागद घेऊन तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या लेथपाशी आला. झालेलं सगळं त्यानं मला हळू आवाजात सांगितलं. डबे सोडून सगळे आमच्याकडे बघत होते.

"तुमी बघितलंय, चिमाजीराव. तेवढंच लिव्हायचंय."

"मी काय बी बघितलं न्हाई," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यानं कागदाची घडी घातली. मग "बरं" म्हणाला आणि कागद खिशात घालून गेला.

पुढचं मला त्याच्या वस्तीतल्या भिवाकडून कळलं. एको कधी दिसणार याचे अंदाज मंडळ आता नानासाहेबांनाच कळवायचं. ते हवे असतील तर वेळाही त्यांच्याच नावानं जायला हव्यात, असं नानासाहेबांनी त्याला सांगितलं. भीमराज कबूल झाला. तो फुगा खाली येऊन हवेत जळून जाईपर्यंत रोज संध्याकाळी मान वर करून उभा राहिला आणि सगळ्या वेळा नानासाहेबांच्या नावानं पाठवत राहिला.

कुणी विचारलं तर मी सांगतो, युनियनचा बहिष्कार होता, माझा नाइलाज झाला. साफ खोटं आहे. बहिष्कार बोलण्यावर होता, सहीवर नव्हता. ओढ्यापलीकडचा माणूस हातात घड्याळ धरून माझ्या डोक्यावर उभा राहतो, हे मला पहिल्या दिवसापासून सलत होतं. त्या दुपारी त्याला नाही म्हणताना मला बरं वाटलं.