तुळशीच्या वाट्याचं पाणी

किस्से काही ठरवून साठत नाहीत. रांजणाच्या तळाशी गाळ बसतो तसे बसतात, अन् नातीनं जरा ढवळलं की वर येतात. "आजी, तुळशीच्या पाण्याचं सांग," म्हणते.

हे निजामाच्या राज्यातलं. आमचं घर औरंगपुऱ्यात. लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी विष्णूला तुळशीचा लक्ष बोलले. लाख पानं वाहायची. परसात वाफा लावला, अन् त्याच साली पाणी आटलं. नहरीचं पाणी जेमतेम प्यायला पुरायचं.

*

शेजारच्या बानूआपा भिंतीवरून म्हणाल्या, "न्हाने का पानी मोरी में कायकू छोड़ते, बाई? हमारे मैके में तो वजू का पानी मेहंदी कू देते." नमाजाआधी हातपाय धुतलेलं ते पाणी.

त्यांनीच फुटके रांजण एकावर एक रचून दिले. वर खडी, मधे कोळसा, खाली वाळू. शिकेकाईचं गढूळ पाणी वरून ओतलं, खालून नितळ ठिबकलं.

यजमान म्हणाले, "कचेरीत एक असा लावायला हवा. अर्ज वरून ओतायचे, खालून काहीतरी निघेल तरी!"

*

यजमानांच्या आत्याबाई कडक सोवळ्याच्या. "देवाच्या तुळशीला न्हाणीचं पाणी? लेकीचं भलं व्हायचं की वाटोळं?"

मी घाबरून गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणाले, "पैठणला गोदेत अख्खा गाव न्हातो, आत्याबाई. तेच पाणी तुम्ही गडूत भरून आणता."

"गोदा वाहते," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बघते तर आत्याबाई खुरपं घेऊन रांजणापासून वाफ्यापर्यंत चारी खणतायत. "आता हेही वाहतं."

*

मग त्यांनी पाण्याची प्रतवारी लावली. माझं तुळशीला, लेकीचं तुळशीला. यजमानांचं भोपळ्याला.

"मी काय पाप केलं?"

"कचेरीत जातोस ना?"

तेवढ्यात सोयगावचे एक अंमलदार भेटायला आले आणि दारातच पाय धुऊ लागले. आत्याबाई धावल्या. "साहेब, आत मोरीत धुवा. भोपळा वाट बघतोय."

त्या वर्षी भोपळा मात्र लई माजला.

*

लेकीला नववा लागला अन् पाणी इतकं आटलं की आमच्या आंघोळीही बंद झाल्या. तुळस माना टाकायला लागली. लक्ष अजून पुरा व्हायचा होता. बानूआपा वजूचं पाणी बादलीत धरून रोज भिंतीवरून द्यायला लागल्या. आत्याबाईंची पाठ फिरली की मी ते रांजणात ओतायची.

एका संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. तिकडे मशिदीत बांग होऊन गेली, तरी बादली येईना. सुइणीला आत सोडून मी परसात धावले.

भिंतीपाशी आत्याबाई उभ्या. सोवळं नेसलेल्या, टाचा उंचावून.

"आपा, अहो आपा! बांग कधीच झाली. वजूला एवढा उशीर? आमची तुळस खोळंबलीय."