तानूबाईने ठेवलेल्या विटा

गेल्या महिन्यात गावडे मिस्त्री दारात आले. "तानू गेली, वहिनी," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले... वीस वर्षं त्यांच्या हाताखाली माल कालवणारी, विटा पुरवणारी तानूबाई.

भांडुपला आमचं घर बांधलं तेव्हा मी नवी सून होते. सासूबाईंनी उभा जन्म चाळीच्या खोलीत जमिनीवर बसून स्वयंपाक केलेला. नव्या घरात त्यांनी एकच मागितलं, उभ्याने पोळ्या लाटायचा ओटा. माप घ्यायच्या दिवशी नेमक्या त्या घरी नव्हत्या, म्हणून मिस्त्रींनी मलाच उभं केलं. मी चांगली ताडमाड. ओटा माझ्या मापाने झाला आणि खरं सांगते, मी मनातून खूश होते.

कडप्पा बसला. सासूबाईंनी पोळपाट ठेवून लाटणं फिरवून पाहिलं. "छान झालाय," म्हणाल्या.

तानूबाईने घमेलं खाली ठेवलं. "थोरल्या वैनी खोटं बोलत्यात. टाचा बघा त्यांच्या."

खरंच, सासूबाई चवड्यांवर उभ्या होत्या.

"आता फोडू काय?" मिस्त्री वैतागले. "रविवारी वास्तुशांत आसा."

"मग आजच फोडा."

तिने विटांची चळत रचली, वर पोळपाट ठेवला आणि एकेक वीट काढत सासूबाईंना लाटायला लावलं. टाचा टेकल्या तिथे थांबली. मिस्त्री पट्टीचे गवंडी, पण तिची नजर मानायचे. त्यांनी मुकाट्याने कडप्पा उचलला, विटांचे दोन थर कमी केले. रविवारी त्याच ओट्यावर पुरण शिजलं.

माझं तोंड उतरलेलं तिने पाहिलं असणार. "तुझी कंबर तरणी हाय, पोरी. वाक थोडी." निघालेल्या विटा तिने ओट्याखाली नीट रचल्या. "ऱ्हाऊ देत. पुढंमागं उंच करून घे."

घर कुणी बांधलं विचारलं की आम्ही आजवर मिस्त्रींचंच नाव सांगत आलो. तिचं कधी सांगितलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

तानूबाईची बातमी आणली त्या दिवशी मिस्त्री चहा घेऊन गेले आणि सासूबाई पोळ्यांना लागल्या. "आता घे गं ओटा उंच करून," लाटता लाटता म्हणाल्या. "किती वर्षं वाकशील?"

मी विळी घ्यायला खाली वाकले. विटा होत्या तशाच होत्या. शेजारी सासूबाईंच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या.

"बघू," म्हटलं आणि भाजी चिरायला घेतली.