सगळ्यांदेखत

आमच्या शरणपूर रोडच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. रविवारी न चुकता चर्चला जातात, पण धर्माबद्दल कधी बोलत नाहीत. कुणाची निंदा सुरू झाली की "तो समोर असता तर हेच बोललो असतो का?" एवढंच विचारतात. त्यांच्याजवळ बसायला मला जरा अवघडच वाटतं.

परवा त्याच नर्सबाई जिना झाडणाऱ्या बाईंवर सगळ्यांदेखत खेकसल्या, "अक्कल आहे का तुला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे खाली असताना त्या मुद्दाम बाहेर आल्या आणि झाडणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "काल मी तुम्हाला नको ते बोलले. प्रभूपाशी माफी मागितली, पण दुखावलं तुम्हाला होतं. माफ करा."

झाडणाऱ्या बाई गोंधळल्या. "राहू द्या ताई. आमाला रोजच कोनी ना कोनी बोलतं."

त्यानंतर आम्ही बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.