पात्याला लावलेला शेंदूर
तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की मला अकोल्याच्या एमआयडीसीतली आमची प्रयोगशाळा आठवते. वायरीच्या प्लास्टिकमधलं शिसं तपासायची पद्धत आम्ही वर्षभर बसवत होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्यात शिसं नाहीच अशा नमुन्यातही ते दिसलं. वर्षभराची मेहनत वाया गेली, या धास्तीने मी तपासणी पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा नमुने दळणारे काका हळूच म्हणाले, “मॅडम, काल पूजेत म्या मशीनच्या पात्याले शेंदूर लावला होता.” शेंदूर तर शिशाचाच! म्हणजे आमची पद्धत बरोबरच होती; तेव्हा मी सुटले. पण आज मारुतीच्या देवळात सासूबाईंचं शेंदराचं बोट माझ्या लहानग्या लेकीच्या कपाळाकडे गेलं, आणि शिसं म्हणजे लहान मुलांना विषच, हे आठवून मी देवासमोरच त्यांचा हात धरला.