नकलांची अदलाबदल

"अगं, ही माझी नक्कल नाही वाटतं."

शेजारच्या काकूंनी कागद उलटा करून पाहिला आणि त्या हे म्हणाल्या तेव्हा आमचं वाचन चौथ्या पानावर आलं होतं. नाटकात सासू, सून, टायपिस्ट आणि भाजीवाली अशा चार बायका रेशनच्या रांगेत उभ्या राहून बोलतात, एवढंच होतं. प्रत्येकीला मी तिची नक्कल उतरवून दिली होती, म्हणजे फक्त तिची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी दुसरीचे शेवटचे दोन-तीन शब्द. पात्राचं नाव मात्र मागच्या बाजूला लिहिलं होतं. काकूंना सासू करायची होती आणि त्या पहिल्यापासून भाजीवालीची वाक्यं वाचत होत्या. सासूची वाक्यं दुसऱ्या बाई वाचत होत्या. चार पानं कुणालाच काही खटकलं नाही. मलासुद्धा.

"मला वाटलं, सासूबाई आज जरा मवाळ झाल्यात," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

हे नौपाड्यात, आमच्या महिला मंडळाच्या चिटणीसबाईंच्या ओसरीवर चाललं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाटुकलं बसवायचं होतं आणि माझं लिखाण आईने मला न विचारता त्यांच्या हाती दिलं होतं. चिटणीसबाई शाळेत शिकवायच्या.  मी निघताना त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पुन्हा वाचू. नाही जमलं तर आपलं ते जुनं छापील प्रहसन आहेच. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

मी मान हलवली. बोलण्याच्या जागी मान हलवायची मला सवयच होती. मॅट्रिकपर्यंत मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी ऐकत होते, पण लिहिण्याचं मराठी मी पुस्तकांतून उचललं होतं. माझ्या चारही बायका म्हणूनच पुस्तकातल्यासारख्या, नीटनेटक्या, एकाच तोंडाने बोलत होत्या. ते तोंड माझं होतं. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, नाटक मागे घ्यायचं नाही.

सोमवारपासून रेशनच्या पिशव्या मी आईच्या हातून काढून घेतल्या. "आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?" आई म्हणाली. रांगेत उभं राहणाऱ्या गप्प मुलीकडे कुणी लक्ष देत नाही, याचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. लिहून घ्यायची सोय नव्हती. मी ऐकायचे आणि घरी आल्यावर दुपारी वहीत उतरवायचे.

आधी मी शब्दच गोळा करत होते. दोन दिवसांनी लक्षात आलं की शब्दांनी काम होत नाही. आमच्या काकूच घ्या. त्या कधीच उत्तर देत नाहीत, उलट प्रश्न करतात. "काकू, आज तांदूळ बरा आहे का?" "का गं, तुमच्याकडे पाहुणे यायचेत?" त्यांच्या मागे एक नवी सून असायची, नुकतीच रत्नागिरीकडून आलेली. तिचं स्वतःचं मत म्हणून काही नसायचंच. "आमचे हे म्हणतात, यंदा गहूच खावा लागणार." पुढे कुणी जरा जोरात बोललं की "आत्याबाईंचंही तसंच म्हणणं." एक टायपिस्ट होती, घाईतली. ती समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची, बहुतेक वेळा चुकीचं.

राहिली भाजीवाली. खाडीकडच्या गावातून येणारी एक बाई दुकानासमोर पाटी मांडून बसायची. मी तीन दिवस तिच्याजवळ उभी राहिले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काय गो बाय, रोज येतंस, निसती बघतंस. भाजी काय तोंडानं बोलनार हाय?" मी मुकाट्याने मुळा घेतला. तिचं बोलणं नेहमी समोरच्या माणसावरून सुरू व्हायचं. तुझा हात, तुझी पिशवी, तुझा नवरा कुठंय. स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

शनिवारी नव्या नकला तयार झाल्या. या वेळी मागेपुढे कुठेच नावं लिहिली नाहीत. आईला समोर बसवून मी एकेक वाक्य वाचलं.

"ही सून," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "ही ती वाक्यं तोडणारी. ही भाजीवाली." मग थांबली. "आणि ही आपल्या शेजारची. अगं, त्यांना कळलं म्हणजे?"

रविवारी काकूंनी सासूची वाक्यं वाचली. दुसऱ्या पानावर सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकूंनी चष्मा काढला. "अशी कोण बोलते गं? मी बोलते का अशी?" त्यावर तर वाचनच थांबलं. शेवटी काकूही हसल्या, आणि नक्कल घडी घालून त्यांनी आपल्या पिशवीत टाकली. दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून असावं.

छापील प्रहसन चिटणीसबाईंच्या मांडीवरून खाली सतरंजीवर गेलेलं मी पाहिलं. मला वाटलं, झालं, माझंच नाटक ठरलं. पण त्यांनी भाजीवालीची नक्कल मागून घेतली आणि लाल पेन्सिल काढली. "छान झालंय. एवढं एक शुद्ध करून घेऊ. समोर मोठ्या घरच्या बायका असतात, मंडळाचं नाव आहे." पहिलं वाक्य खोडून वर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काय गं बाई, रोज येतेस आणि नुसती पाहतेस.' पेन्सिल दुसऱ्या वाक्यावर आली.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे मी मान हलवेन याची वाट पाहत होत्या. मी हात पुढे केला आणि तो कागद त्यांच्या हातातून घेतला.

"बाई, हिला शुद्ध केलंत तर ही पुन्हा माझ्यासारखी बोलेल," मी म्हणाले. "मग नकलांची पुन्हा अदलाबदल झाली तरी कुणाला कळायचं नाही. करायचं तर तिचं बोलणं आहे तसंच ठेवून करू या. नाहीतर ते छापील करा."