तिच्या हातची खीर
दूध आटल्याचा वास आला की भिलाईची, सेक्टर दोनमधली ती बुद्धपौर्णिमा आठवते. विहारात बायकोनं खीर वाढायले पळी उचलली, तर शेजारणीनं हिसकावली. "एड्स हाय तुले, दूर हो वं!" वाढल्यानं तो पसरत नाही, हे डॉक्टरनं मले समजावलं होतं. मी ओरडलो, "रोग मी आणला, तिनं नाही! अन् आपल्या आजाले बाट होईल म्हणून लोक वरून पाणी ओतत होते, इसरले का?" मी शेजारणीच्या हातची पळी घेऊन बायकोले दिली. मी वाटी धरली. "वाढ वं." तिनं काठोकाठ वाढली. मी सगळ्यांसमोर वाटी चाटून खाल्ली. तिच्या वेळी औषध नव्हतं, ती गेली. मी आज रोजच्या गोळ्यांवर जगून राहिलो. विहारात दरसाली खीर मीच वाढतो, रोग सांगून वाढतो. ज्याले नको, त्यानं उपाशी जावं.